काळ्या कातळातल्या पांढऱ्या काड्या

सह्याद्रीचा कातळ काळाकुळकुळीत, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. पण तो जवळजवळ निम्मा एका पांढरट खनिजाचा आहे, असं सांगितलं तर? थाप नाही हं! त्या खनिजाचं नाव प्लॅजिओक्लेज. पहिल्यांदा जीभ अडखळते, दोनतीनदा म्हटलं की जमतं. फेल्डस्पार नावाच्या मोठ्या कुळातलं हे खनिज.

एरवी त्याचे कण इतके बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. पण कसारा घाटात, मंचरच्या आसपास काही थर असे आहेत, की काळ्या दगडात पांढऱ्या काड्याच काड्या! काही तर बोटाच्या पेराहून लांब. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथला शिलारस वर येण्याआधी जमिनीखाली रेंगाळला, सावकाश निवत गेला. स्फटिकांना वाढायला सवड मिळाली. मग स्फटिकांसकट तो बाहेर आला आणि उरलेला रस भराभर थिजला.

अशी काडी मिळाली तर तिचा चकचकीत सपाट भाग उन्हात धरा आणि भिंगातून बघा. (हातोडी नको, पायथ्याशी तुटके दगड भरपूर असतात.) नशीब असेल तर बारीक, सरळ, समांतर रेघा दिसतील. कुणी कोरल्या? कुणीच नाही! स्फटिक वाढताना त्याचे पातळ पापुद्रे एक सुलटा, एक उलटा असे जुळत जातात, त्यांच्या या कडा. भूशास्त्रज्ञ याच खुणेवरून प्लॅजिओक्लेज ओळखतात. आता चाकूने ओरखडून बघा. उमटणार नाही! गारगोटीपुढे मात्र ते हरतं.

सिलिकॉन, ऑक्सिजन आणि ॲल्युमिनियम त्यात असायचेच. सोबत सोडियम किंवा कॅल्शियम, नाहीतर दोघंही, हवं त्या प्रमाणात. आपल्याकडे दोन्ही सापडतात. चंद्रावर मात्र जवळपास सगळं कॅल्शियमवालं. चंद्राचा उजळ भाग दिसतो ना, तो मुख्यतः प्लॅजिओक्लेजचाच! नवाकोरा चंद्र वितळलेला होता. जड खनिजं तळाशी गेली आणि हे हलकं खनिज ताकावरच्या लोण्यासारखं वर तरंगलं. २०२३ साली चंद्रयान-३ च्या प्रज्ञान बग्गीने दक्षिण ध्रुवाकडची माती तपासली, तेव्हा तिथेही याच जातीच्या खडकाचा माग लागला.

तिथे पाऊस नाही, म्हणून ते चारशे कोटींहून जास्त वर्षं टिकलंय. इथे पावसाचं पाणी कातळात मुरतं, प्लॅजिओक्लेज हळूहळू कुजतं आणि त्याची चिकणमाती होते. विदर्भातली कापसाची काळी जमीन बरीचशी अशाच कुजलेल्या कातळातून आलेली आहे.