जयपूर : नकाशा समजून पायी पाहावयाचे नगर

रजा प्रवास सवलतीचा लाभ घेऊन वा मुलांच्या सुट्टीच्या निमित्ताने राजस्थानास जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या कार्यक्रमात जयपूरच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. सकाळी आमेरचा किल्ला, दुपारी मोटारीतूनच हवामहलाचे दर्शन, सायंकाळी घाईघाईने खरेदी आणि रात्री पुढचा प्रवास, असा हा क्रम असतो. इमारती पाहून होतात. मात्र ज्या नगररचनेसाठी जयपूरच्या तटबंदीच्या आतील शहराला युनेस्कोने २०१९ मध्ये जागतिक वारशाचा मान दिला, ती रचना अनुभवावयाची राहून जाते. ती पायी चालल्याविना उमगत नाही. त्यासाठी दोन दिवस आणि थोडे पूर्वनियोजन पुरेसे आहे.

नऊ चौकड्यांचे शहर

सवाई जयसिंह यांनी १८ नोव्हेंबर १७२७ रोजी या नगराची पायाभरणी केली. आखणीच्या कामात विद्याधर भट्टाचार्य या बंगाली पंडिताचे त्यांना मोठे साहाय्य झाले. आधी रस्ते, बाजार आणि चौक आखून मग वस्ती वसविली गेली. नगराचे नऊ भाग, म्हणजे चौकड्या, कल्पिल्या होत्या. वायव्येस डोंगर आडवा आल्याने तेथील चौकडी आग्नेयेकडे घेतली गेली, आणि म्हणूनच नकाशात शहराची आकृती एका अंगाला पुढे आलेली दिसते.

पश्चिमेकडील चांदपोल ते पूर्वेकडील सूरजपोल असा सरळ राजमार्ग शहरातून जातो. त्यास उत्तर-दक्षिण रस्ते जेथे छेदतात तेथे छोटी चौपड, बडी चौपड आणि रामगंज चौपड हे प्रशस्त चौक आहेत. मुख्य रस्त्यांची रुंदी सुमारे १०८ फूट असून त्याहून लहान रस्ते क्रमाने निम्म्या-निम्म्या रुंदीचे योजले होते. एका चौपडीपासून दुसरीपर्यंतचे अंतर आठशे मीटरच्या आसपास, म्हणजे रमतगमत पंधरा मिनिटांचे आहे. हे एक माप ध्यानात ठेवले की नवख्या माणसासही वाट सहसा चुकत नाही.

पहिला दिवस : बडी चौपड

मुंबई सेंट्रलहून सायंकाळी निघणारी जयपूर सुपरफास्ट दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास जयपूरला पोहोचते. तो दिवस विश्रांतीसाठी ठेवून दुसऱ्या सकाळी भ्रमंतीस आरंभ करणे श्रेयस्कर. सप्टेंबर २०२० पासून मेट्रो थेट बडी चौपडीपर्यंत धावते. रेल्वे स्थानकाजवळही मेट्रोचे स्थानक असल्याने जुन्या शहरात मोटार नेण्याचे व ती उभी करण्याचे कष्ट वाचतात.

चौपडीलगतच हवामहल आहे. सवाई प्रतापसिंह यांच्या आज्ञेने १७९९ मध्ये लालचंद उस्ताद यांनी तो उभारला. त्याची दर्शनी बाजू पूर्वाभिमुख असल्याने सकाळच्या उन्हात ती विशेष खुलते. आत जाण्याचा मार्ग मात्र मागील बाजूने आहे. तेथून जवळच जंतरमंतर आणि सिटी पॅलेस आहेत.

जंतरमंतर पाहताना मार्गदर्शक अवश्य घ्यावा आणि आकाश निरभ्र असताना जावे, कारण येथील यंत्रे सावलीच्या आधारे बोलतात. सुमारे २७ मीटर उंचीच्या सम्राट यंत्राची वेळ मनगटी घड्याळाशी जुळत नाही, म्हणून काहींना ते बिघडले आहे असे वाटते. वस्तुतः यंत्र जयपूरची स्थानिक सौरवेळ दाखविते आणि घड्याळ भारतीय प्रमाणवेळ. रेखांशातील फरकामुळे या दोहोंत सरासरी सुमारे २७ मिनिटांचे अंतर पडते व ऋतुमानानुसार ते कमी-अधिक होते. मराठी वाचकास अभिमान वाटावा असे एक नाव या संदर्भात येते. जयसिंहांच्या पदरी असलेले महाराष्ट्रीय पंडित सम्राट जगन्नाथ यांनी युक्लिडची भूमिती व टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणले.

दुसरा दिवस : बाजार आणि इतिहास

बडी चौपडीवरून पश्चिमेस त्रिपोलिया बाजारातून छोट्या चौपडीकडे जाताना ईसरलाट हा उंच मनोरा दिसतो. १७४९ मध्ये सवाई ईश्वरीसिंहांनी तो बांधविला. गादीच्या वादात मराठ्यांनी त्यांचे बंधू माधोसिंह यांची बाजू घेतली होती. डिसेंबर १७५० मध्ये मल्हारराव होळकरांची फौज जवळ येत असता ईश्वरीसिंहांनी प्राणत्याग केला, आणि पुढच्याच महिन्यात शहरात आलेल्या अनेक मराठ्यांची नागरिकांनी कत्तल केली. या मनोऱ्यापाशी क्षणभर थांबले म्हणजे आपलाच इतिहास समोरच्या बाजूने कसा दिसतो याची जाणीव होते.

त्रिपोलिया बाजारालगत मनिहारांच्या रस्त्यावर लाखेच्या बांगड्या ग्राहकासमोर घडविल्या जातात. बडी चौपडीच्या दक्षिणेस जौहरी बाजार आणि त्यापुढे सांगानेरी दरवाजाबाहेर काही अंतरावर १८८७ मध्ये खुले झालेले अल्बर्ट हॉल संग्रहालय आहे. दुकाने साधारणतः अकराच्या सुमारास उघडतात व अनेक दुकाने रविवारी बंद असतात, हे ध्यानी घेऊनच वार ठरवावा. आमेर शहरापासून ११ किलोमीटरवर असून त्यासाठी स्वतंत्र अर्धा दिवस राखावा.

खर्चाचे नियोजन

राज्य शासनाच्या प्रमुख वास्तूंसाठी संयुक्त तिकीट मिळते. सिटी पॅलेसचे तिकीट वेगळे असते. मार्गदर्शकाचे शुल्क, रिक्षाचे भाडे आणि लहान कारागिरांकडील खरेदी यांसाठी थोडी सुटी रोकड जवळ असावी. मोठ्या खरेदीचे पैसे कार्डाने वा यूपीआयने देऊन पावती घ्यावी. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क व सहा अक्षरांकांची ओळखखूण पाहावी. रत्न घेताना प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे. जयपुरात रत्नपरीक्षेची सोय आहे. ‘येथे घ्या, तुमच्या गावी दुपटीने विकाल’ असे कोणी सांगू लागल्यास तेथून निघणे हिताचे. रत्न आवडीसाठी घ्यावे, गुंतवणूक म्हणून नव्हे.

ऑक्टोबर ते मार्च हा प्रवासास अनुकूल काळ होय. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच थंड असतात. सोबत ज्येष्ठ मंडळी असल्यास चालणे सकाळी साडेदहापर्यंत आटोपून दुपार विश्रांतीस द्यावी.

जयपूरच्या बाजारांत आजही तीच दुकानांची रांग, तेच कारागीर आणि तीच मापे आहेत. मात्र मोटारी, अतिक्रमणे आणि नव्या बांधकामांचा भार या रचनेवर वाढत आहे. सावकाश चालणारा, थांबून विचारणारा आणि कारागिराकडूनच वस्तू घेणारा पाहुणा त्या शहराच्या जतनास आपल्या परीने हातभार लावतो. दोन दिवसांच्या पायपिटीचे हे मोल काही कमी नाही.