विश्लेषण : नव्या वर्षाची पहिली प्रार्थना... ख्रिस्ती घरांत आजी-आजोबा श्रद्धेचा वारसा कसा देतात?

३१ डिसेंबरच्या रात्री रस्त्यावर जल्लोष सुरू असताना चर्चमध्येही दिवे लागलेले असतात. आजी-आजोबा, आई-वडील आणि नातवंडे अशा तीन पिढ्या एकाच बाकावर बसलेल्या दिसाव्यात, अशा वर्षातील मोजक्या रात्रींपैकी ही एक. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्मीयांची संख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. एवढ्या लहान आणि विखुरलेल्या समाजात श्रद्धेचे पहिले धडे बहुतेकदा घरातच मिळतात आणि ते देण्यात घरातील ज्येष्ठांचा वाटा मोठा असतो. हे कसे घडते, त्याचा इतिहास काय आणि आज त्यात अडचण कुठे येते आहे, याविषयी...

३१ डिसेंबरच्या रात्री काय होते?

प्रोटेस्टंट चर्चमध्ये या उपासनेला ‘वॉचनाईट’ म्हणतात. रात्री उशिरा उपासना सुरू होते. ‘उपासना संगीत’मधील गीते, शास्त्रवाचन, पाळकांचा संदेश आणि मग ‘साक्ष’, असा साधारण क्रम असतो. साक्ष म्हणजे सरत्या वर्षात देवाने कसे सांभाळले, हे मंडळीतील कोणीही उभे राहून सांगणे. बाराला काही मिनिटे उरली की सगळे गुडघे टेकतात किंवा शांत उभे राहतात. घंटा वाजते आणि नवे वर्ष प्रार्थनेतच उजाडते.

यातील साक्षीचा भाग महत्त्वाचा. आजाराचे निदान, गेलेली नोकरी, करपलेले पीक, जोडीदाराचा मृत्यू, अशा गोष्टी ज्येष्ठ मंडळी घरात मुलांसमोर सहसा बोलत नाहीत. चर्चमध्ये त्या उघडपणे बोलल्या जातात. आपल्या आजोबांना कसली भीती वाटली होती आणि त्या दिवसांत त्यांनी काय प्रार्थना केली, हे नातवंडांना अनेकदा इथेच पहिल्यांदा कळते.

अनेक मंडळ्यांमध्ये त्यानंतर बायबलमधील एकेक वचन छापलेल्या चिठ्ठ्या वाटल्या जातात. ज्याने जी उचलली, ते त्याचे वर्षभराचे वचन. घरातील लहान मुलांची वचने आजी पाठ करून घेते आणि चिठ्ठी बायबलमध्ये जपून ठेवली जाते.

ही प्रथा आली कुठून?

या प्रथेचे मूळ जर्मनीतील हेर्नहूट या गावातील मोरेव्हियन पंथीयांकडे जाते. तिथे १७३३च्या सुमारास वर्षअखेरीची जागरण-प्रार्थना सुरू झाली. वचनाच्या चिठ्ठीचा पूर्वजही तिथलाच. १७२८ मध्ये काउंट झिंझेनडॉर्फ यांनी मंडळीला दिवसासाठी एक वचन देण्याचा पायंडा पाडला. १७३१ पासून वर्षभराच्या वचनांचे पुस्तक छापले जाऊ लागले. त्यातील वचने आजही चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि ते पन्नासहून अधिक भाषांत निघते.

इंग्लंडमध्ये मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७४०च्या दशकात ही जागरणे रुजवली. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूड येथील खाणकामगार पूर्वी रात्री दारूच्या गुत्त्यात घालवत, त्याऐवजी ते प्रार्थनेला जमू लागले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांसाठी या रात्रीला आणखी एक अर्थ आहे. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा लागू होणार होता. त्याच्या आदल्या रात्री तेथील लोक चर्चमध्ये जागत बसले होते. ती आठवण तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

कॅथलिक परंपरेत १ जानेवारीचा अर्थ काय?

चर्चच्या पंचांगानुसार नवे वर्ष आधीच सुरू झालेले असते. नाताळाच्या चार रविवार आधी आगमनकाळ सुरू होतो, तोच उपासनावर्षाचा प्रारंभ. १ जानेवारी हा नाताळापासूनचा आठवा दिवस. लूकच्या शुभवर्तमानानुसार आठव्या दिवशी बाळाचे नाव येशू ठेवण्यात आले. कॅथलिक चर्च हा दिवस देवमाता मारियेचा सोहळा म्हणून पाळते. पोप सहावे पॉल यांच्या पुढाकारामुळे १९६८ पासून तो जागतिक शांतता दिनही आहे. ३१ डिसेंबरला ‘ते देउम’ हे प्राचीन आभारगीत गाऊन वर्षाला निरोप दिला जातो. अनेक धर्मग्रामांत मध्यरात्रीची मिस्सा असते.

मुंबई आणि गोव्यात याच रात्री जुन्या वर्षाचे प्रतीक म्हणून ‘ओल्ड मॅन’चा पुतळा जाळतात. म्हातारा जाळून नव्या वर्षाचे स्वागत करणे ज्येष्ठांचा अवमान करणारे आहे, असा आक्षेपही त्यावर घेतला जातो.

यात आजी-आजोबा कुठे येतात?

बायबलमध्ये याचा एक स्पष्ट दाखला आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच्यातील विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, याची आठवण करून दिली आहे. मंदिरात आणलेल्या बाळ येशूला ओळखणारे शिमोन आणि हन्ना यांनाही परंपरा वृद्ध मानते. येशूचे आजी-आजोबा म्हणून मानले जाणारे योआकिम आणि आन्ना यांची नावे मात्र बायबलमध्ये नाहीत. ती दुसऱ्या शतकातील लिखाणातून आली. त्यांचा सण २६ जुलैला असतो. त्याच सुमारास, म्हणजे जुलैच्या चौथ्या रविवारी, आजी-आजोबा आणि ज्येष्ठांचा जागतिक दिवस पाळावा, असे पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये जाहीर केले. श्रद्धेची पहिली ओळख आपल्याला आजी रोझा यांच्याकडून झाली, असे ते सांगत. आजीचे पत्र ते आपल्या प्रार्थनापुस्तकात ठेवत.

घरात हा वारसा शिकवणीसारखा दिला जात नाही. गोव्यात संध्याकाळचा ‘तेर्स’, म्हणजे जपमाळ, संपली की मुले घरातील मोठ्यांकडे ‘बेसांव’ मागतात. आशीर्वादासाठीच्या पोर्तुगीज शब्दावरून हा शब्द आला. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मिस्सेहून परतल्यावर ज्येष्ठांचा आशीर्वाद घेण्यामागची भावना तीच. नाताळाच्या आठवड्यात कुलकुल करताना आजी पिठाच्या गोळ्या देते, नातवंडे त्या काट्याच्या पाठीवर दाबून वळतात आणि गोठ्याची, मेंढपाळांची, मागी लोकांची गोष्ट तिथेच सांगून होते. अहिल्यानगर किंवा मराठवाड्यातील प्रोटेस्टंट घरांत कुलकुलाच्या जागी करंज्या-शंकरपाळी येतात, बाकी चित्र तसेच.

आणखी एक जागा म्हणजे घरचे जुने बायबल. त्याच्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या तारखा वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहिलेल्या असतात. नातवंडाला आपले नाव पणजोबांच्या नावाखाली सापडते, तेव्हा आपण कुठून आलो हे वेगळे सांगावे लागत नाही.

मराठीत हा वारसा किती जुना?

किमान चारशे वर्षांचा. इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले. जवळपास ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना आपल्या जुन्या पुराणांसारखे ऐकायला काही हवे होते, ही त्यामागची गरज. ग्रंथ मोठ्याने वाचला जाई आणि जमलेले सगळे ऐकत. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही पाठ व्हावे अशी ही रचना होती.

वसईत १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांचा अंमल होता. चिमाजी अप्पांच्या विजयानंतर राज्य गेले, पण सामवेदी, वाडवळ आणि ईस्ट इंडियन कॅथलिक समाज आणि त्यांच्या बोली टिकल्या. सामवेदी ख्रिस्ती समाजाला ‘कुपारी’ म्हणतात. बाप्तिस्म्यातील धर्मपिता आणि मुलाचे आई-वडील यांच्या नात्याला असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून हे नाव आले, असे मानले जाते.

टिळक घराण्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाई यांनी मात्र लगेच धर्म बदलला नाही. त्या काही वर्षांनी, स्वतःच्या गतीने तिथे पोहोचल्या. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे नेले. मुलगा देवदत्त यांच्या आग्रहामुळे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली आणि नातू अशोक टिळक यांनी त्याची टीपांसह आवृत्ती सिद्ध केली. आजीची गोष्ट नातवाने पुढच्या वाचकांच्या हाती दिली.

अभ्यास काय सांगतो?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ व्हर्न बेंगस्टन यांनी १९७० पासून दक्षिण कॅलिफोर्नियातील ३५०हून अधिक कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास केला. त्यावर आधारित पुस्तक २०१३ मध्ये आले. धर्म पुढे जाण्यात केवळ पालकांचा धार्मिकपणा पुरेसा ठरत नाही. नात्यातील ऊब, विशेषतः वडिलांशी असलेली जवळीक, निर्णायक ठरते, असे त्यात दिसले. आजी-आजोबांचा प्रभावही आधी समजला जाई त्यापेक्षा मोठा निघाला. कधी ते पालकांच्या शिकवणीला बळ देतात, तर कधी पालकांची जागाच घेतात. उलट अतिकडक घरांतील मुले धर्मापासून दूर जाण्याची उदाहरणेही त्यात आहेत. हा अभ्यास अमेरिकेतील असला, तरी ऊब आणि सक्ती यांतला फरक भारतीय घरांनाही ओळखीचा वाटेल.

अडचण कुठे आहे?

सर्वांत मोठी अडचण भाषेची. आजीला ‘नमो मारिया’ आणि प्रभूची प्रार्थना मराठीत किंवा कोकणीत पाठ असते. नातवंड इंग्रजी शाळेत तीच प्रार्थना इंग्रजीत शिकते. मुंबईत मराठी, कोकणी आणि इंग्रजी मिस्सा वेगवेगळ्या वेळी होतात, तेव्हा एकाच घरातील माणसे वेगवेगळ्या वेळी चर्चला जातात. श्रद्धा राहते, पण ती बोलायची सामायिक भाषा जाते. आजी प्रार्थना म्हणत असते आणि नातवाला त्यातील शब्द कळत नाहीत.

दुसरी अडचण अंतराची. मुले दुबई, लंडन किंवा टोरांटोत असतात. भारतात बारा वाजतात तेव्हा दुबईत साडेदहा, लंडनमध्ये संध्याकाळचे साडेसहा आणि टोरांटोत दुपारचा दीड वाजलेला असतो. एकत्र गुडघे टेकण्याची जागा व्हिडिओ कॉलने घेतली आहे. जवळ राहणाऱ्या घरांतही नोकरी, लोकलचा प्रवास आणि शिकवण्या यांत संध्याकाळची एकत्र प्रार्थना टिकवणे कठीण झाले आहे.

आजी-आजोबांचा अधिकार किती?

आंतरधर्मीय विवाह झालेल्या किंवा चर्चपासून दूर गेलेल्या पालकांच्या घरात हा प्रश्न नाजूक होतो. कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार बालकाच्या बाप्तिस्म्यासाठी आई-वडिलांपैकी किमान एकाची संमती लागते. मूल मृत्युशय्येवर असेल तरच अपवाद असतो. मूल त्या श्रद्धेत वाढेल, अशी वाजवी आशाही असावी लागते. म्हणजे इच्छा कितीही तीव्र असली, तरी पालकांना डावलून नातवंडाचा बाप्तिस्मा करून घेण्याची मुभा आजी-आजोबांना नाही. १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये बालबाप्तिस्मा आणि जाणतेपणी घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य आहेत. काही पंथांत तर व्यक्तीने स्वतः विश्वास व्यक्त केल्याशिवाय बाप्तिस्मा होतच नाही. बालपणी बाप्तिस्मा झालेल्यांनाही पुढे दृढीकरणाच्या वेळी स्वतः होकार द्यावा लागतो. विश्वास घरातून मिळतो, पण स्वीकारायचा ज्याचा त्याने, हे तत्त्व चर्चनेही मान्य केले आहे.

पुढे काय?

भाषेची दरी सांधण्याचे साधन मराठीत तयार आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकमधून केलेला बायबलचा अनुवाद साध्या माणसाला कळावा याच हेतूने केलेला होता. तो त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. उस्मानाबाद येथे २०२० मध्ये झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. आजीला वाचता आणि नातवाला समजता येईल, अशी ही मराठी आहे.

लिहिले न गेलेले मात्र लवकर हरवते. कादोडीतील म्हणी, प्रार्थनेची जुनी चाल, एखाद्या दुष्काळी वर्षाची साक्ष कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. ज्या फोनवर शुभेच्छांचे संदेश येतात, त्याच फोनवर आजीच्या आवाजातील प्रार्थना नोंदवायला दोन मिनिटे पुरतात. बायबलच्या कोऱ्या पानावर या वर्षी घरात आलेल्या बाळाचे नाव लिहायला त्याहूनही कमी वेळ लागतो. ते नाव कोणत्या भाषेत लिहायचे, हे मात्र घराघरांत ठरेल.