हाताला साजेसे रबर

टेबल टेनिसची बॅट म्हणजे लाकडी ब्लेड आणि त्याच्या दोन्ही अंगांना चिकटवलेले रबर. 2.7 ग्रॅमचा पोकळ चेंडू लाकडाला लागतच नाही, तो रबरावर आदळतो. वेग, फिरकी आणि ताबा यांतले किती काय मिळणार, हे बरेचसे तिथेच ठरते. हे तिन्ही एकाच रबरात भरपूर मिळत नाहीत, म्हणून निवड करावी लागते.

आजच्या रबरात दोन थर असतात. वर पातळ रबरी पापुद्रा आणि खाली स्पंज. स्पंजची ताकद जगाला मुंबईतच कळली. 1952 मध्ये मुंबईत भरलेल्या जागतिक स्पर्धेत जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन उतरला आणि पुरुष एकेरी जिंकून गेला. समोरच्यांना फटक्याचा आवाजच येईना आणि चेंडूचा वेगही ओळखता येईना. त्यावरून बरीच वर्षे वाद झाला. अखेर 1959 मध्ये नियम ठरला: स्पंज, पापुद्रा आणि गोंद मिळून जाडी 4 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. तो नियम आजही लागू आहे.

नव्या खेळाडूने आधी पाहायची ती स्पंजची जाडी. पाकिटावर 1.5, 1.8, 2.0 किंवा ‘मॅक्स’ असे लिहिलेले असते. पातळ स्पंजमध्ये चेंडू लवकर लाकडापर्यंत दबतो, त्यामुळे हाताला त्याचा अंदाज येतो आणि फटका आवाक्यात राहतो. जाड स्पंज जोरदार फटक्याला उसळी देतो, पण हात थोडा चुकला की चेंडू टेबलाबाहेर जातो. ज्याचे फोरहँड आणि पुश अजून दहातले सहा-सात टेबलावर पडतात, त्याला 1.5 ते 1.8 मिलिमीटरचे, मध्यम कडकपणाचे साधे रबर पुरे. यासाका कंपनीचे ‘मार्क फाइव्ह’ 1969 पासून बाजारात टिकून आहे ते याच गुणावर. मात्र लहान शहरांतल्या क्लबांत उलटेच दिसते. एखाद्या विजेत्याचे महागडे रबर मुलाच्या पहिल्याच बॅटीला लावले जाते आणि वर्षभर मुलगा फटका शिकण्याऐवजी बॅट आवरायला शिकतो.

कडकपणाचे आकडे वाचताना एक खोच लक्षात ठेवावी. चिनी आणि जर्मन कंपन्यांची मोजपट्टी वेगळी असते. चिनी पाकिटावरचे 40 अंश हे जर्मन पाकिटावरच्या 45 पेक्षा मऊ असतीलच असे नाही, अनेकदा ते कडकच निघतात. चिनी धाटणीचे चिकट रबर पूर्ण हात फिरवणाऱ्याला भरघोस फिरकी देते, अर्धवट फटक्याला मात्र ते थंड प्रतिसाद देते.

फटके जमू लागले की निवड खेळाच्या पद्धतीवर जाते. टेबलापासून पाऊलभर मागे राहून टॉपस्पिन मारणाऱ्याला 2.0 किंवा मॅक्स जाडीचे, पकड असलेले गुळगुळीत रबर लागते. टेबलाला चिकटून ब्लॉक करणाऱ्याला मऊ आणि थोडे संथ रबर जास्त उपयोगी. बाहेरच्या बाजूला छोटे दाणे असलेल्या रबराला, म्हणजे शॉर्ट पिंपलला, समोरच्याची फिरकी कमी बाधते आणि त्याने सपाट, झटपट फटका निघतो. लाँग पिंपलची गंमत वेगळीच: त्याचे लांब दाणे वाकतात, आणि समोरच्याने दिलेल्या फिरकीचा बराच भाग त्याच्याकडेच उलटा परत जातो. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचे सुवर्ण जिंकणाऱ्या मनिका बत्राचा बॅकहँड अशाच रबरावर उभा आहे. म्हणून समोरच्याला कोणती बाजू वापरली हे दिसावे, यासाठी बॅटीची एक बाजू काळी आणि दुसरी वेगळ्या भडक रंगाची असावी लागते. पूर्वी ती लालच असे, 2021 पासून निळा, हिरवा, गुलाबी आणि जांभळाही चालतो. नवशिक्याने मात्र लाँग पिंपलच्या मोहात पडू नये. गुण पटकन मिळतात, पण स्वतःचा टॉपस्पिन मागे राहतो.

खानदेशात याखेरीज हवामानाचाही हिशेब करावा लागतो. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. त्यात खेळताना पंखे बंद, कारण हलका चेंडू वाऱ्याने भरकटतो. घामाचा थेंब रबरावर पडला की पकड गेली. धुळे काय नि जळगाव काय, उन्हाळ्यात शाळेच्या हॉलमध्ये धूळ असतेच, आणि चिकट चिनी रबर ती सगळी गोळा करते. रोज पुसायचा आळस असणाऱ्याने जपानी किंवा युरोपीय धाटणीचे, कमी चिकट रबर घ्यावे. खेळ झाल्यावर ओल्या स्पंजने रबर हलकेच पुसून, कोरडे झाल्यावर वर प्लॅस्टिकचा कागद लावावा. दुपारी दुचाकीच्या डिकीत ठेवलेल्या बॅटीचे रबर कडेने सुटते आणि लवकर वाळते. पावसाळ्यात दमट हवेत गुळगुळीत रबर निसटू लागते, पिंपलला हा त्रास कमी.

रबराच्या कडेला आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यतेची खूण नसेल तर ते अधिकृत स्पर्धेत चालत नाही. वेग वाढवणारे रासायनिक गोंद 2008 पासून बंद आहेत, पाण्यावर आधारलेला गोंदच वापरावा. रबर संपले हे ओळखायला साधी खूण आहे. पुसल्यावरही मध्यभाग चकचकीत दिसतो आणि चेंडू घासून फिरवल्यास पकड न घेता घसरतो. अशा वेळी ब्लेड बदलायची गरज नसते, फक्त रबर काढून नवे लावता येते. रोज खेळणाऱ्याला हे काही महिन्यांतच करावे लागते, आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याचे रबर वर्षभरही टिकते.