दिसत नाही, तरी कॉम्प्युटर चालतो; तो कसा? पुण्याच्या रामन यांनी दाखवलेली वाट

शिरूर/दौंड : रात्रीच्या पाळीला थ्री फेज लाइट आली की बॅटरी घेऊन विहिरीवर पळायचं, हे आता बऱ्याच ठिकाणी कमी झालंय. स्टार्टरला ऑटो बसवला की लाइट आल्यावर मोटार आपोआप सुरू होते. मोबाईल स्टार्टर असेल तर मोटार चालू झाल्याचा निरोपही फोनवर येतो. कॉम्प्युटरच्या कामालाही असाच ऑटो बसवता येतो. डोळस माणसाला ती नुसती सोय वाटते. पण ज्या प्रोग्रॅमरला दिसत नाही, त्याचा सगळा दिवस त्यावर अवलंबून असतो.

आधी मूळ प्रश्न. दिसत नाही तर स्क्रीन वाचायची कशी? त्यासाठी स्क्रीन रीडर असतो. हा प्रोग्रॅम स्क्रीनवरची अक्षरं बोलून दाखवतो. आपल्या अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाने तो बहुतेक वेळा आधीपासूनच असतो. (चुकून आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबली जातात, टॉकबॅक सुरू होतो आणि फोन बिघडला म्हणून दुकानात नेला जातो. तीच दोन बटणं पुन्हा तीनेक सेकंद दाबून धरली की तो सहसा बंद होतो.)

टायपिंगचं म्हणाल तर कीबोर्डवरच्या एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात. कुणीही हात लावून बघावं. त्यावर बोटं ठेवली की बाकीची बटणं अंदाजाने सापडतात.

आता कमांड लाइन. आपण चित्रावर बोट ठेवून काम करतो. पण कॉम्प्युटरला शब्द लिहूनही सांगता येतं. एका खिडकीत कमांड टाइप करायची, एंटर दाबायचं, उत्तर अक्षरांतच येतं. चित्र नाही, माऊस नाही. म्हणून डोळस लोकांना ती खिडकी अवघड वाटते, तर अनेक अंध प्रोग्रॅमरना तीच सोपी पडते.

अडचण येते ती ऐकण्याची. डोळा पान चाळतो, कानाला ओळीमागून ओळच घ्यावी लागते. समजा, दूध डेअरीच्या महिन्याच्या ३० फाइली आहेत आणि प्रत्येकीत ८० ओळी. त्यातून ४२ नंबरच्या खात्याचं दूध काढायचंय. सगळं ऐकायचं तर २,४०० ओळी झाल्या! इथे ग्रेप नावाची कमांड कामाला येते. ती हव्या त्याच ओळी काढून देते. फक्त ४२ म्हटलं तर १४२ पण सापडतो, म्हणून खात्याच्या रकान्यात पूर्ण नंबरच शोध, असं बजावावं लागतं. पुढची कमांड त्या ओळींतलं लिटर मिळवते. ऐकायचा राहतो तो एकच आकडा.

दर महिन्याला हेच करायचं असेल तर या सगळ्या कमांड एका फाइलीत ओळीने लिहून ठेवतात. तिला स्क्रिप्ट म्हणतात. तिला एक छोटं नाव दिलं की पुढे तेवढं नाव टाइप करायचं, बास. लिनक्सवर क्रॉन नावाची सोय आहे, ती ठरल्या वेळी स्क्रिप्ट स्वतःच चालवते. हाच तो ऑटो. काम झालं की एक आवाज आणि बिघडलं की वेगळा, असंही लिहून ठेवतात. नाहीतर गप्प बसलेला कॉम्प्युटर काम करतोय की अडकलाय, हे कळणार कसं?

या वाटेवर फार मोठं काम केलेला माणूस पुण्याचाच आहे. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ चा, पुण्यातला. चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुस्तकं दुसऱ्यांकडून वाचून घेत त्यांनी वाडिया कॉलेजातून गणितात पदवी घेतली, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून १९९४ मध्ये डॉक्टरेट. गणिताची सूत्रं कानाने कशी समजतील, हाच त्यांचा संशोधनाचा विषय होता.

१९९५ मध्ये त्यांनी इमॅकस्पीक हा प्रोग्रॅम सर्वांसाठी फुकट खुला केला. इमॅक्स या लिहिण्याच्या प्रोग्रॅमला त्यामुळे वाचा फुटली. नुसती अक्षरं वाचून तो थांबत नाही. प्रोग्रॅममधली टीप एका आवाजात, बाकीचा मजकूर दुसऱ्या आवाजात, फाइल उघडली की एक खूण, बंद केली की दुसरी. कानाचा वेळ वाचवायचा, हे त्यामागचं गणित. २००५ मध्ये ते गूगलमध्ये गेले. अँड्रॉइड फोन बोलते करण्याच्या कामातही त्यांचा हात आहे.

इमॅक्समध्ये मॅक्रो म्हणून एक सोय आहे. एफ ३ दाबून एका ओळीवर काम करून दाखवायचं, एफ ४ दाबून थांबायचं, मग पुन्हा एफ ४ दाबलं की तेच काम पुढच्या ओळीवर होतं. दोनशे वेळा कर म्हटलं तर दोनशे वेळा.

ऑटोचा धोकाही आहे. विहिरीत पाणी नसताना मोटार चालली तर जळते, तसं चुकीची स्क्रिप्ट शंभर फाइली क्षणात पुसते. दिसत नसताना ते लवकर लक्षातही येत नाही. म्हणून जाणकार आधी स्क्रिप्टला, काय पुसणार ते नुसतं सांग, पुसू नको, असं लिहितात. यादी ऐकतात आणि मगच खरी चालवतात. मूळ फाइलींची एक प्रत बाजूला असतेच.

गावात एखाद्या अंध मुलाला किंवा मुलीला शिकायचं असेल तर भारी मशिन लागत नाही. विंडोजच्या साध्या लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट चालतो. ऑस्ट्रेलियातल्या एका अंध प्रोग्रॅमरने तो २००६ मध्ये लिहायला घेतला, आणि तो मराठीही वाचतो. लिनक्सवर ओर्का आहे, तोही फुकट. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना किमान ४ टक्के जागा राखीव आहेत, त्यातला १ टक्का अंध आणि कमी दृष्टी असलेल्यांसाठी. सुरुवात टायपिंगपासून करावी. पहिले काही आठवडे स्क्रीन रीडरचा वेग कमी ठेवावा, कान सरावला की मुलं तो स्वतःच वाढवतात.