पो नदीकाठचे गोठे

उत्तर इटलीत पो नदीच्या सपाट खोऱ्यात, क्रेमोना, मान्तोव्हा, रेज्जो एमिलिया या भागांत, गाईंची धार काढण्याच्या कामावर आज पंजाबी माणसे मोठ्या संख्येने आहेत. १९८०च्या दशकापासून दोआबातून, म्हणजे बियास आणि सतलज यांमधल्या पट्ट्यातून, आलेल्या या तरुणांना गुराढोरांची सवय होती, आणि सणवार न पाहणाऱ्या या कामाला कंटाळून स्थानिक तरुण कारखान्यांकडे वळले होते.

पहाटेची धार उजाडण्यापूर्वीच सुरू होते. ‘बर्गामीनो’, म्हणजे गोठ्यावरचा गडी, एका खोल चरात उभा राहतो आणि वर तिरप्या रांगेत उभ्या केलेल्या गाईंच्या कासा त्याच्या हाताच्या उंचीवर येतात. तो सड पुसतो, पहिल्या काही धारा वेगळ्या काढून दुधात गाठी किंवा पाणचटपणा दिसतो का ते पाहतो, कारण ती कासदाहाची, म्हणजे कासेला सूज आणणाऱ्या रोगाची, पहिली खूण असते. याच हाताळणीने गाय मिनिटभरात पान्हा सोडते आणि मगच यंत्राचे पेले सडांना लावायचे असतात, कारण त्याआधी लावल्यास रिकामे सड ओढले जाऊन दुखावतात. धार संपल्यावर सडाचे तोंड काही वेळ उघडे राहते, म्हणून तो सड आयोडीनच्या द्रावात बुडवतो. अशा कामाला अकुशल मजुरी म्हणणे अन्यायाचे आहे.

हे दूध जर पार्मिजानो रेज्जानो या चीजसाठी जाणार असेल, तर गाईंना मुरघास घालता येत नाही, कारण त्यातील जिवाणूंमुळे मुरत ठेवलेले चीज फुगते. तेथे वाळल्या वैरणीवरच भर असतो. या चीजचे सुमारे ४० किलोंचे एक चाक बनायला साधारण ५५० लिटर दूध लागते आणि ते निदान १२ महिने मुरते.

गाय एक दिवसही थांबत नसल्यामुळे हे काम बारमाही आहे, आणि पंजाबी कुटुंबे इथे रुजली ती मुख्यतः त्यामुळेच. रोमच्या दक्षिणेकडील लातीना परिसरात भाजीपाल्याच्या शेतांत राबणाऱ्या त्यांच्याच बांधवांना मुकादमांच्या हाताखाली हंगामी कामावर भागवावे लागते आणि २०१६ मध्ये त्यांना रास्त मजुरीसाठी संप करावा लागला; पोच्या खोऱ्यात मात्र गोठ्यालगत राहायला घर मिळाले, मागोमाग बायकामुले आली, आणि २०००मध्ये नोव्हेल्लारा येथे मोठा गुरुद्वारा उभा राहिला. अर्थात नोकरीबरोबर मिळालेले घर नोकरीबरोबर जातेही, म्हणून ज्यांना जमते ते कर्ज काढून गावात स्वतःचे घर घेतात. गोठा आणि जमीन बहुधा मालकाचीच राहते.