कानांनी वाचणाऱ्यांसाठी : आवाजाचे दान आणि वर्गणीचा आधार

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर कित्येक शतके त्यांचा उपदेश ग्रंथात नव्हता, भिक्खूंच्या कंठात होता. सुत्ते मुखोद्गत करून त्यांचे पठण करणाऱ्या भिक्खूंना पालीत 'भाणक' म्हणत. कोणी दीघनिकायाचे भाणक असत, तर कोणी मज्झिमनिकायाचे. परंपरेनुसार इसवी सनपूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेतील आलुविहार येथे तिपिटक ताडपत्रांवर लिहिले गेले. तोवर धम्म कानावाटेच शिकला आणि शिकविला जात होता. संघ एकत्र बसून पठण करी; एकाची चूक दुसऱ्याच्या कानाला लगेच कळे. म्हणून ऐकून मिळविलेले ज्ञान हे वाचून मिळविलेल्या ज्ञानापेक्षा उणे असते, असे निदान आपण तरी म्हणू नये.

हे स्मरण येथे करण्याचे कारण असे की, आपल्या समाजातील एक मोठा वर्ग आजही कानांनीच वाचतो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख होती. लुई ब्रेल यांनी सिद्ध केलेली सहा टिंबांची लिपी हा त्यांच्या शिक्षणाचा पाया आहे. मराठीत १५ फेब्रुवारी २००८ पासून स्वागत थोरात यांनी 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिकही चालविले. परंतु ब्रेल ग्रंथ आकाराने मोठे असतात व त्यांची छपाई खर्चिक असते. शिवाय ज्यांची दृष्टी प्रौढ वयात गेली, त्यांच्या बोटांना ही लिपी सहज वळत नाही. अशा वाचकांना, आणि परीक्षेसाठी एकाच वर्षात अनेक ग्रंथ वाचावे लागणाऱ्या विद्यार्थ्यांना, ध्वनिमुद्रित पुस्तकाचा मोठा आधार असतो.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ अन्वये सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी राखीव आहेत. राखीव जागेचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको. पण जागा मिळाली आणि पुस्तक मिळाले नाही, तर त्या विद्यार्थ्याला वर्गाचे दार उघडूनही आत अंधारच राहतो. आणि पुस्तक परीक्षा झाल्यावर हाती आले, तर ते न मिळाल्यासारखेच असते. श्राव्य वाचनसेवेचा खरा प्रश्न हा असा वेळेचा आणि सातत्याचा आहे.

या सेवेचा इतिहास फार जुना नाही. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांच्या गरजेतून इंग्लंडमध्ये या कल्पनेने मूळ धरले आणि १९३५ मध्ये तेथे ध्वनिमुद्रिकांवरील 'बोलकी पुस्तके' वाचकांना मिळू लागली. पुढे आकाशवाणीच्या तंत्राचाही उपयोग झाला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९६९ मध्ये अंधांसाठी वर्तमानपत्रे व पुस्तके वाचून दाखविणारी नभोवाणी सुरू झाली. १९७० मध्ये वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ या लहानशा गावी स्थानिक बातम्या फितीवर वाचून त्या अंधांच्या घरी पाठविण्याचा उपक्रम सुरू झाला. अशा रीतीने पुस्तकांचे ग्रंथालय, सर्वांना एकाच वेळी ऐकू येणारी नभोवाणी आणि गावापुरते बोलके वर्तमानपत्र असे या सेवेचे तीन प्रकार रूढ झाले.

आपल्याकडे १९५२ मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंध संघटना, म्हणजे सर्वांच्या ओळखीची 'नॅब', स्थापन झाली. तिच्या वरळी येथील केंद्रात बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय उभे राहिले. पुस्तके स्वयंसेवकांच्या आवाजात कॅसेटवर उतरविली जात. टपाल खात्यानेही अंधांसाठीचे साहित्य टपालखर्चातून मुक्त ठेवले. नॅबच्या महाराष्ट्र शाखेचे काम तर आपल्या नाशिकमधील सातपूर येथूनच चालते. पुढे कॅसेटच्या जागी संगणकीय ध्वनिफिती आल्या. 'डेझी' या आंतरराष्ट्रीय पद्धतीने तयार केलेल्या पुस्तकात ऐकणाऱ्याला हवे ते प्रकरण, हवे ते पान थेट गाठता येते. फीत पुढे-मागे फिरवीत बसावे लागत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले आणि देशातील अनेक संस्थांची पुस्तके एका ठिकाणी मिळू लागली.

आपल्या राज्यातील अलीकडचे लक्षणीय उदाहरण नागपूरचे आहे. ज्या नगरीत १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेचा सोहळा झाला, तेथेच २०२२ मध्ये 'रेडिओ अक्ष' ही दृष्टिबाधितांसाठीची इंटरनेटवरील नभोवाणी सुरू झाली. द ब्लाइंड रिलीफ असोसिएशन, नागपूर आणि समदृष्टी क्षमता विकास एवं अनुसंधान मंडळ, अर्थात 'सक्षम', या दोन संस्थांचा हा संयुक्त उपक्रम. पुस्तके निवडणे, वाचणे, मुद्रण करणे आणि त्यावर संपादनाचे संस्कार करणे ही कामे स्वयंसेवकांचा गट करतो आणि त्यांत स्त्रियांची संख्या अधिक आहे. घरसंसार सांभाळून रोज थोडा वेळ काढणाऱ्या आवाजांवर ही सेवा उभी आहे.

हे काम बाहेरून दिसते तितके सोपे नाही. वाचकाने आरंभी ग्रंथाचे व लेखकाचे नाव, प्रकाशक आणि आवृत्तीचे वर्ष सांगावयाचे असते. पान बदलले की पानाचा क्रमांक, तळटीप आली की तिचा आरंभ आणि शेवट, चित्र वा नकाशा आला की त्याचे नेमके वर्णन द्यावयाचे असते. कोष्टक वाचताना प्रथम स्तंभांची शीर्षके आणि मग एकेक ओळ, असा क्रम पाळला नाही तर ऐकणाऱ्यासमोर केवळ आकड्यांचा ढीग उरतो. नाटकी चढउतार नकोत आणि स्वतःची टिप्पणीही नको. आपल्याला न पटणारा परिच्छेद गाळणे तर मुळीच नको. डोळस वाचकाला जे छापील पान मिळते, तेच पूर्णपणे पोहोचविणे हा या कामाचा शीलाचरणाचा भाग आहे.

आता मोबाइल आणि संगणकच मजकूर वाचून दाखवितात, मग माणसाच्या आवाजाची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. यंत्राची मदत मोठीच आहे. 'एनव्हीडीए' हे संगणकाचा पडदा वाचून दाखविणारे मोफत साधन २००६ मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील दृष्टिहीन तरुणाने घडवावयास घेतले, आणि पुढे जेम्स तेह या दुसऱ्या दृष्टिहीन तरुणाच्या साथीने ते देणग्यांच्या बळावर जगभर पसरले. तरीही मराठी वाचताना यंत्र अडखळते. आपल्या लिपीत च, ज, झ या अक्षरांचे दोन-दोन उच्चार आहेत, पण लिहिताना ते वेगळे दिसत नाहीत. 'जरा थांबा' मधील 'जरा' आणि सिद्धार्थाने पाहिलेली 'जरा', म्हणजे वार्धक्य, हे दोन शब्द कागदावर सारखे, पण उच्चारात भिन्न. अर्थ जाणणारा माणूस ते अचूक वाचतो. यंत्र दोहोंचा एकच उच्चार करण्याची शक्यता असते. जुनी, फिकट छपाईची पुस्तके, हस्तलिखित टिपणे, गणिताची मांडणी आणि आकृत्या यांतही माणसाची गरज अद्याप संपलेली नाही.

आता हिशेबाकडे वळू. एका पानाला अडीच मिनिटे धरली, तर २०० पानांच्या पुस्तकाला ५०० मिनिटे, म्हणजे आठ तास वीस मिनिटे लागतात. रोज अर्धा तास वाचणाऱ्या स्वयंसेवकाचे हे सतरा दिवसांचे काम झाले. मग दुसऱ्याने पुस्तक समोर ठेवून तेवढाच वेळ ते ऐकावयाचे आणि चुका टिपावयाच्या. भाणकांच्या सहपठणाचे तत्त्व ते हेच. त्यानंतर दुरुस्ती, प्रकरणांची विभागणी आणि वितरण. आवाज विनामूल्य मिळाला तरी मायक्रोफोन, शांत खोली, वीज, संगणक, साठवणुकीची साधने आणि कामाचे वेळापत्रक सांभाळणारा एखादा पगारी कार्यकर्ता यांना पैसा लागतोच. स्वयंसेवक आजारी पडतो, बदलून जातो, परीक्षेत गुंततो. त्या दिवशीही सेवा चालू राहावी यासाठी निधी हवा.

असा निधी उभा करण्याची रीत महाराष्ट्राला परकी नाही. दरवर्षी १४ सप्टेंबरला अंध ध्वजदिन पाळला जातो आणि अंधकल्याणासाठी निधी गोळा केला जातो. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी खेड्यापाड्यांतील आयाबायांनी मूठ-मूठ धान्य बाजूला काढले, तो मुष्टिफंड तर सर्वश्रुत आहे. त्या मुठीचे बळ तिच्या आकारात नव्हते, ती नियमाने निघत असे यात होते. वाचनसेवेलाही हाच नियम लागू पडतो. एखाद्या दात्याने समारंभात दिलेल्या मोठ्या रकमेतून यंत्रसामग्री येते. पण शंभर घरांनी दरमहा दिलेल्या पन्नास रुपयांतून महिन्याला पाच हजार रुपये हमखास येतात, आणि त्या हमीवरच पुढील पुस्तक हाती घेता येते. मात्र जमा आणि खर्च दोन्ही फलकावर लावले पाहिजेत. निधीतून किती पुस्तके पूर्ण झाली आणि ती किती जणांनी ऐकली, हे वर्गणीदाराला दरवर्षी कळले, तर पुढच्या वर्षी त्याच्या दारी पुन्हा विनवणी करावी लागत नाही.

कायद्याची बाजूही समजून घ्यावयास हवी. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात सुधारणा झाली. त्यानुसार दिव्यांग व्यक्तींच्या वाचनासाठी, अभ्यासासाठी वा संशोधनासाठी पुस्तकाचे सुलभ रूप नफ्याविना तयार करता येते. त्यासाठी प्रकाशकाची स्वतंत्र परवानगी लागत नाही. घेतलाच तर केवळ निर्मितीचा खर्च घ्यावा आणि ती प्रत इतर बाजारात जाणार नाही याची काळजी घ्यावी, अशी अट आहे. २०१३ मध्ये मोरोक्कोतील माराकेश येथे याच हेतूने आंतरराष्ट्रीय करार झाला आणि जून २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला. म्हणून उत्साहाच्या भरात अशी ध्वनिफीत व्हॉट्सअ‍ॅपवरील समूहांत सरसकट पाठविणे योग्य नाही. ज्यांच्यासाठी सवलत आहे, त्यांच्याच हाती ती पोहोचावी.

यापेक्षाही महत्त्वाची आहे ती आपली दृष्टी. अंधत्व हे गतजन्मीच्या पापाचे फळ, ही समजूत अजून गेलेली नाही. पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, हा विचार बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये तथागतांच्या शिकवणीशी विसंगत म्हणून नाकारला आहे. जे दुःख समाजाच्या व्यवस्थेमुळे निर्माण होते, ते व्यवस्था बदलूनच दूर होते. पुस्तक न वाचता येणे हा अंध व्यक्तीचा दोष नव्हे. पुस्तक एकाच रूपात छापले जाते, ही व्यवस्थेची उणीव आहे. तेव्हा वाचून दाखविणारा उपकारकर्ता नव्हे, तो ही उणीव भरून काढणारा सहकारी आहे. कोणते पुस्तक आधी हवे, वाचनाचा वेग कसा असावा, आवाज स्पष्ट आहे का, हे ऐकणाऱ्यांनीच ठरवावे. ध्वनिफितींची तपासणी, संपादन आणि व्यवस्थापन ही कामे दृष्टिहीन व्यक्ती उत्तम करू शकतात. ती मोबदल्यासह त्यांच्याकडेच जावीत.

आता आपल्या सायखेड्याकडे पाहू. मोठी ग्रंथालये पुस्तके देतील. पण आज कांद्याला काय भाव निघाला, ग्रामपंचायतीच्या फलकावर कोणती सूचना लागली, हे मुंबईहून कोणी वाचून दाखविणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी सायखेडा आणि चांदोरीत शिरले. अशा वेळी पाण्याची पातळी, स्थलांतराची सूचना आणि नंतर पंचनाम्याची तारीख ज्याला स्वतः वाचता येत नाही, तो सर्वस्वी दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहतो. आठवड्यातून एकदा दहा मिनिटांचे स्थानिक वार्तापत्र, आणि पुराच्या दिवसांत रोजची सूचना, एवढे काम एका मोबाइलवरही होण्यासारखे आहे.

निवासी विद्यालयाला तर हे काम विशेष साधण्यासारखे आहे. विद्यार्थी एकत्र राहतात, पठणाची त्यांना सवय असते, पहाटेची शांत वेळ हाताशी असते. भिंतींना गोधड्या लावलेली एक लहान खोली, पंखा बंद, ट्रॅक्टरांची वर्दळ सुरू होण्यापूर्वीचा अर्धा तास आणि पाच-सहा जणांचा गट, इतके आरंभाला पुरे. प्रथम नाशिक येथील नॅबसारख्या संस्थेकडे आणि परिसरातील दृष्टिहीन विद्यार्थ्यांकडे चौकशी करावी. सुगम्य पुस्तकालयात जे आधीच उपलब्ध आहे ते पुन्हा वाचण्यात श्रम घालवू नयेत. वर्षाला एकच पुस्तक घ्यावे, पण ते पूर्ण करावे आणि सत्र सुरू होण्याआधी द्यावे. माजी विद्यार्थ्यांनी मासिक वर्गणीचा भार उचलावा. वाचणाऱ्या मुलांचाही यात लाभ आहे. त्यांचे उच्चार शुद्ध होतील, एकाग्रता वाढेल, आणि दुसऱ्यासाठी वाचताना स्वतःलाही ते पुस्तक नीट कळेल.

धम्मात दानाला पारमितांमध्ये पहिले स्थान आहे आणि ज्ञानाचे दान श्रेष्ठ मानलेले आहे. ज्याच्याकडे धन नाही त्याच्याकडे आवाज आहे. ज्याला वेळ नाही तो महिन्याला पन्नास रुपये देऊ शकतो. ज्याला दोन्ही शक्य नाही तो ऐकून चुका दाखवू शकतो. या स्मरणिकेचा वाचक यांपैकी कोणत्या तरी एका गटात निश्चितच बसतो. भाणकांनी आपल्या कंठातून धम्म पुढच्या पिढीच्या हाती सोपविला. त्या परंपरेचे आपण वारस असू, तर शेजारच्या एका विद्यार्थ्याचे पाठ्यपुस्तक वेळेवर त्याच्या कानी घालणे आपल्याला अशक्य नाही.