‘छोटं पिस्तूल’ घ्यायचं म्हणता? आधी कायदा वाचा

‘खिशात मावेल असं एखादं छोटं पिस्तूल सुचवा ना.’ छत्रपती संभाजीनगरात सिडकोतले प्लॉटिंगवाले, वाळूजचे लेबर कॉन्ट्रॅक्टर, जाधववाडीच्या मंडीतले व्यापारी, म्हणजे रोकड घेऊन फिरणारी माणसं हा प्रश्न सतत विचारतात. मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहिलेले असतात. दुकानात जायचं, हाताला बसेल ते मॉडेल निवडायचं, खिशात टाकायचं. आपल्याकडे असं चालत नाही, हे समजावून सांगितलं तरी पुढचा प्रश्न येतोच: ‘ते ठीक, पण कोणतं चांगलं?’

आधी परवाना, मग हत्यार. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्त आणि इतरत्र जिल्हाधिकारी परवाना देतात. म्हणजे सिडकोतला अर्ज मिल कॉर्नरच्या आयुक्तालयात जातो आणि पैठण-कन्नडचा जिल्हाधिकारी कार्यालयात. वय किमान २१ लागतं. पोलीस चौकशी करतात, शस्त्र गरजेचं का आहे ते विचारतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षणही सक्तीचं केलं. हे सगळं पार पडलं तरी परवाना मिळेलच असं नाही, कारण शस्त्र बाळगणं हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही. शंका असेल त्यांनी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका जामीन प्रकरणात काय म्हटलं ते पाहावं. अमेरिकेशी तुलना करूनच न्यायालयाने हे सांगितलं आहे.

परवाना मिळाला तरी निवड मोकळी नसते. ९ एमएम हा सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. चित्रपटात दिसणारी बहुतेक पिस्तुलं तिथेच बाद होतात. उरतं ते मुख्यतः .३२ बोअर. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये आणलेलं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर याच बोअरचं. वजन साधारण अर्धा किलो, तेव्हाची किंमत लाखाच्या वर. ते महिलांसाठी म्हणून गाजलं आणि ‘बायकांना परवाना लगेच मिळतो’ हा नवा गैरसमज जन्माला आला. कायद्यात तशी वेगळी वाट नाही.

आता त्या ‘खिशा’बद्दल. नियम असा आहे की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल नेताना ते त्यासाठीच बनवलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. पँटच्या खिशात किल्ल्या आणि सुट्ट्या पैशांसोबत ते टाकणं नियमात बसत नाही, आणि ट्रिगरमध्ये काय अडकेल याचा भरवसा नसतो. ‘लॉक असतं, काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनी १ ऑक्टोबर २०२४ आठवावा. अभिनेते गोविंदा यांच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून त्यांच्या जुहूच्या घरीच गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात घुसली. त्या वेळी ना हल्लेखोर होता, ना झटापट.

झाकून ठेवायचं म्हटल्यावर कमरेला दिसेल असं लावून मिरवणंही बाद झालं. वरातीत, मिरवणुकीत हवेत बार काढला तर परवाना जाऊ शकतो. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. शेजारच्या बीडचं उदाहरण ताजं आहे. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली आणि जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्रपरवाने असल्याची चर्चा राज्यभर झाली. त्यानंतर अनेकांचे परवाने रद्द झाले. प्रतिष्ठेसाठी घेतलेलं हत्यार असं परत द्यावं लागतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘कट्टा सापडला तर दंड भरून सुटतो’: साफ खोटं, विनापरवाना अग्निशस्त्रासाठी किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. ‘नुसतं काडतूस म्हणजे शस्त्र नाही’: दारूगोळाही त्याच कायद्याखाली येतो, चिकलठाणा विमानतळावर बॅगेत विसरलेली एक जिवंत गोळीसुद्धा गुन्हा दाखल व्हायला पुरेशी आहे. ‘परवाना आहे तर कुठेही नेता येतं’: परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं आणि निवडणुकीच्या काळात पोलीस शस्त्र जमा करायला सांगू शकतात. ‘स्वसंरक्षणात गोळी घातली तर गुन्हा नाही’: भारतीय न्याय संहितेत, कलम ३४ ते ४४ मध्ये, तो हक्क आहे, पण बचावाला आवश्यक तेवढ्याच बळापुरता. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणं बहुधा त्यात बसणार नाही.

खरोखर धमक्या येत असतील, तर दुकानाची चौकशी सोडा आणि आजच जवळच्या ठाण्यात लेखी तक्रार द्या, तिची पोच घ्या. संकट समोर असेल तर ११२ लावा. उद्या परवान्याचा अर्ज केलात, तर पोलीस सगळ्यात आधी तीच पोच मागतील.